आधीच्या नोंदीखाली पुढची नोंद

मंडळी, विषय जावा या संगणकभाषेचा आहे म्हणून मागच्या रांगेतल्या आजोबांनी लगेच चपला शोधू नयेत. सुरुवात आपल्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेपासूनच करतो.

ही वेधशाळा आधी मुंबईत, कुलाब्याला होती. १८५९ च्या सप्टेंबरात, १ आणि २ तारखेला, मोठं चुंबकीय वादळ आलं. माणसं उपकरणाला डोळा लावून आकडा वाचत आणि हाताने वहीत उतरवत. पृथ्वीचं आडवं चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळल्याची नोंद त्यांनी करून ठेवली. २००३ मध्ये त्सुरुतानी, लखिना या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच नोंदींवरून त्या वादळाचा जोर मोजला. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेने चुंबकीय नोंदी बिघडू नयेत म्हणून १९०४ मध्ये काम अलिबागला आलं. पण संचालक नानाभॉय मूस यांनी कुलाब्याची वही लगेच मिटली नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या, म्हणजे जुन्या मालिकेला नवी नीट जोडता यावी. मला मूस यांचं हे काम १८५९ च्या वादळाइतकंच मोठं वाटतं.

जुनी नोंद न पुसता तिच्याखाली नवी जोडायची, हेच आता संगणकावर जावात करू. समजा थळच्या किनाऱ्यावर होड्या लागल्यात. प्रत्येक नाखव्याचं नाव, मासळी आणि वजन टाइप करून टेक्स्ट फाइलमध्ये साठवायचंय. ‘बस’ लिहिलं की थांबायचं. जावातल्या ‘स्कॅनर’ने वाचायचं, ‘फाइलरायटर’ने लिहायचं, दोन्ही लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा. विद्यार्थी इथपर्यंत बरोबर येतात. मग फाइल उघडतात, तर दिवसभराच्या नोंदींपैकी फक्त शेवटच्या होडीची सुरमई! कारण फाइलरायटर लूपच्या आत दर वेळी नव्याने उघडला. तसा उघडला की तो आधीचा मजकूर साफ करतो. तो लूपच्या बाहेर, एकदाच उघडायचा. शिवाय कालच्या नोंदी राहाव्यात म्हणून फाइलच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन ‘ट्रू’ लिहायचं, की नवं लिखाण शेवटाला जोडलं जातं.

दुसरी तक्रार: फाइल रिकामीच! रायटर मजकूर आधी मेमरीत साठवतो, रायटर बंद केला नाही तर मजकूर तिथेच राहून जातो. २०११ च्या जावा ७ पासून ट्रायच्या कंसातच रायटर उघडता येतो, मग बंद करायची काळजी जावाच घेतं. मी तर दुसरी पद्धत शिकवतच नाही.

आता खास आपली, मराठी माणसाची अडचण. नाखव्याचं नाव देवनागरीत लिहिलं आणि फाइलमध्ये नुसती प्रश्नचिन्हं आली, तर लिहितानाच यूटीएफ-८ सांगा. जावा १८ पासून फाइलसाठी तेच गृहीत धरलेलं असतं, जुन्यात नसतं. आकड्यांची गंमत वेगळीच. पूर्णांक वाचणाऱ्या ‘पार्सइंट’ला देवनागरी १२ चालतो, पण दशांश वाचणारा ‘पार्सडबल’ तोच १२ नाकारतो. वजन साडेबारा किलो असणार, म्हणजे गाठ त्याच्याशीच. त्यातच ‘नेक्स्टडबल’ने वजन घेतलं, तर एंटरचं चिन्ह मागे उरतं आणि पुढच्या नाखव्याचं नाव कोरं येतं. यावर माझा उपाय साधा आहे: सगळं ‘नेक्स्टलाइन’ने अख्खी ओळ म्हणून घ्या, देवनागरी अंक बदलून घ्या आणि मगच संख्येत रूपांतर करा.