बिनतारी शर्यतगाडीची निगा

इ. स. १८९८ मध्यें न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें निकोला टेस्ला या संशोधकानें एक लहानशी नौका पाण्यांत सोडली आणि मध्यें तार नसतांही ती दुरून चालवून दाखविली. त्याच तत्त्वावर चालणारी विजेची शर्यतगाडी आज मुलांच्याच नव्हे, तर प्रौढांच्याही हातीं आली आहे. जपानांतील तामिया कंपनीनें १९७६ सालीं आपली पहिली बिनतारी मोटार बाजारांत आणली. पुढें १९८५ सालीं कॅलिफोर्नियांतील डेल मार येथें खडबडीत मैदानावर धावणाऱ्या, एकदशांश प्रमाणाच्या विजेच्या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. अशा स्पर्धेची पात्रता-फेरी अवघ्या पांच मिनिटांची असते. परंतु तिचा निकाल पुष्कळदां आदल्या संध्याकाळीं घरच्या टेबलावरच लागलेला असतो.

ही गाडी खेळणें म्हणून विकली जात असली, तरी सुमारें दीड किलो वजनाची ती वस्तु ताशीं पन्नास किलोमीटरांहून अधिक वेगानें धावूं शकते. तिचें एखादें चाक निखळलें किंवा तिच्यावरील ताबा सुटला, तर इजा बघ्याच्या पायाला होते. म्हणून तिची निगा ही केवळ हौशीची बाब नव्हे.

गाडी मैदानावरून परत आली, कीं प्रथम बॅटरी काढावी व मगच इतर कामास हात घालावा. धूळ मऊ कुंचल्यानें झाडावी. गाडी पाण्याखालीं धरण्याचा मोह टाळावा. पाणी बेअरिंगांत शिरलें, कीं पोलादी गोळ्या गंजतात. उघड्या सांध्यांना तेल चोपडणें हीही चूकच होय. तेलाला धूळ चिकटते, आणि जें वंगण म्हणून लावलें तेंच कानशीप्रमाणें भाग झिजवूं लागतें. तेल हवें तें बेअरिंगांना, तेंही पातळ आणि थेंबभर. प्रत्येक चाक उचलून बोटानें फिरवावें व कान देऊन ऐकावें. चाक खरखरलें किंवा अडखळलें, तर बेअरिंग साफ करावें अथवा बदलावें.

मोटरीचें लहान दांतेरी चाक आणि त्याला जुळणारें मोठें चाक यांमधील अंतर फार महत्त्वाचें असतें. तीं फार जवळ असलीं तर मोटर तापते; फार दूर असलीं तर दांते झिजतात. दोहोंच्या मध्यें पातळ कागदाची पट्टी धरून चाकें जुळवावीं आणि मग पट्टी काढून घ्यावी, म्हणजे योग्य फट राहते. धक्के सोसणाऱ्या शॉक-अब्सॉर्बरांतील तेल गळतें काय, तेंही पाहावें. गाडी हातानें दाबून सोडली असतां दोन्ही बाजू सारख्या उठल्या पाहिजेत. टायर चाकाला चिकटविलेलें असतें. त्याची कडा अंगठ्यानें ओढून पाहावी. धातूंत बसणाऱ्या स्क्रूंना घट्ट धरणारा द्रव लावावा. प्लॅस्टिकमध्यें बसणाऱ्यांना मात्र तो लावूं नये, कारण त्यानें प्लॅस्टिक तडकण्याचा संभव असतो.

सर्वांत अधिक सावधगिरी बॅटरीच्या बाबतींत हवी. पूर्वीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या पुष्कळ हाल सोशीत. आजची लिथियम-पॉलिमर बॅटरी तशी नाहीं. तिचा प्रत्येक सेल पूर्ण भरला असतां ४.२ व्होल्ट दाखवितो आणि तीन व्होल्टच्या खालीं उतरला तर बिघडतो. पांच हजार मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला सामान्यतः पांच अँपिअरपेक्षां अधिक प्रवाह देऊं नये. चार्जर लिथियमसाठीं केलेला असावा, आणि सेलांची पातळी समान राखणारी जोडणी विसरूं नये. बॅटरी न जळणाऱ्या पृष्ठभागावर ठेवून, डोळ्यांदेखत भरावी. रात्रीं जोडून झोंपीं जाणें म्हणजे घराला आगीचें आमंत्रण देणें होय. फुगलेली बॅटरी पुन्हां कधींही वापरूं नये. कांहीं दिवस गाडी काढावयाची नसेल, तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवून बॅटरी थंड जागीं ठेवावी.

शेवटची परीक्षा संदेशयंत्राची. सुरू करतांना आधीं हातांतील यंत्र, मग गाडी. बंद करतांना आधीं गाडी, मग यंत्र. हा क्रम उलटला, तर गाडी भलत्याच संदेशानें धांवत सुटण्याची भीति असते. चाकें जमिनीपासून वर राहतील अशी गाडी ठोकळ्यावर ठेवावी आणि ती चालत असतां हातांतील यंत्र मुद्दाम बंद करून पाहावें. मोटर तत्काळ थांबली, तरच गाडी मैदानावर नेण्यायोग्य समजावी.

या सर्व कामांना सरावानें अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाहीं. मुलांच्या हातीं गाडी देणाऱ्या पालकांनीं कुंचला आणि पाना हीं साधनेंही त्यांच्याच हातीं द्यावीं. बॅटरी भरण्याचें काम मात्र वडीलधाऱ्या माणसानें जवळ बसून करवून घ्यावें. असें केल्यास तहान लागल्यावर विहीर खणण्याची पाळी येणार नाहीं, आणि मोडलेला प्रत्येक भाग बाजारांतून नवा आणण्याची संवयही मुलांना लागणार नाहीं.