धंदेशिक्षण आणि वीजकामाचा परवाना
(ज्ञातिमंडळाच्या धारणी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षण या विषयावर मी दोन शब्द बोलावे अशी मंडळाच्या चिटणिसांनी मला आज्ञा केली आहे. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकविले. स्वतः मॅट्रिक होऊन शिक्षकाची पदविका घेतली, त्यापलीकडे गेलो नाही. तेव्हा उच्च शिक्षणाची थोरवी सांगण्याचा अधिकार माझ्यापेक्षा येथे बसलेल्या पदवीधरांचा अधिक. मला बोलावयाचे आहे ते ज्यांची नावे आपल्या सत्काराच्या यादीत सहसा येत नाहीत, अशा मुलांविषयी. दहावीच्या आगेमागे शाळा सोडून एखाद्या वीजकाम करणाऱ्याच्या हाताखाली जाणारी आणि पाच-सहा वर्षांत घराचे वायरिंग, पंपाची जोडणी, मोटारीचे रिवाइंडिंग करू लागणारी मुले आज आपल्यातील अनेक घरांत आहेत. त्यांच्या हाताला गुण आहे. परंतु त्या गुणाला कागदाचा आधार नाही आणि पुढील शिक्षणाची वाट नाही. ही उणीव कशी भरून काढावी, एवढाच माझा आजचा विषय आहे.

आपली ज्ञाती कारागिरांची. तिफण, वखर, डवरा, गाडीचे चाक ही आपल्या वाडवडिलांच्या हातून घडली आणि त्यांवर या भागातील शेती चालली. त्या काळी त्यांची परीक्षा कोण घेत असे? शेतकरी घेत असे. वखराची पास नीट बसली नाही, तर ती पहिल्याच तासाला कळे. जू वाकडे निघाले, तर बैलाच्या मानेवर दिसे. चूक डोळ्यांना दिसत होती आणि दिसली की दुरुस्तही होत होती. म्हणूनच बापाने मुलाला शिकविले, आणि त्यावर कोणाचा शिक्का लागला नाही, तरी कोणाचे बिघडले नाही.

विजेचे तसे नाही. तारेतून प्रवाह वाहत आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. भिंतीत गाडलेली चूक वर्षानुवर्षे मुकाट राहते आणि एखाद्या पावसाळ्याच्या दिवशी घरातील माणसाचा प्राण घेते. आपल्या घरातील पुरवठा २३० व्होल्टचा असतो. दहा वॅटच्या लहानशा दिव्यातून त्या दाबाने सुमारे ४३ मिलिअँपिअर प्रवाह जातो. एवढासा प्रवाहदेखील छातीतून गेला तर माणूस दगावू शकतो. म्हणून जीवरक्षणासाठी बसवावयाचे गळतीरोधक यंत्र ३० मिलिअँपिअर गळती होताच पुरवठा तोडेल असे केलेले असते. आता पाहा, आपला एखादा होतकरू मुलगा तारेची बचत करावी म्हणून अर्थिंगची तिसरी तार ओढीत नाही. सॉकेटमध्येच ती न्यूट्रलला जोडून देतो. दिवे लागतात, पंखा फिरतो, घरधनी खूष होतो. पुढे कधी ती न्यूट्रलची तार तुटली की शीतकपाटाचा पत्राच विजेने भारित होतो. मुलाने हे वाईट बुद्धीने केलेले नसते. तसे का करू नये, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. कारण ज्याच्या हाताखाली तो शिकला त्यालाही ते कोणी सांगितलेले नव्हते. बापाकडून मुलाला जसे कौशल्य मिळते, तशी चूकही मिळते. चालत आलेली चूक तोडावयाची, तर घराबाहेरचे शिक्षण घ्यावे लागते.

सरकारने याचा विचार फार पूर्वी केला आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत अशी तरतूद होती की, वीजजोडणीचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच करावे, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावे, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याजवळही परवाना असावा. पुढे २००३ चा वीज कायदा आला. त्याखाली केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०१० साली सुरक्षिततेची विनियमावली केली; तिच्या जागी २०२३ साली नवी आली. तत्त्व मात्र तेच राहिले. आपल्या राज्यात तारतंत्री आणि विद्युत पर्यवेक्षक या दोन पायऱ्यांच्या परीक्षा शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडून घेतल्या जातात, आणि त्यानंतर कंत्राटदाराचा परवाना ही तिसरी पायरी येते. ठराविक मुदतीनंतर परवान्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागते, हेही ध्यानात ठेवावे.

यावर कोणी म्हणेल, "गुरुजी, कागदाने का काम येते? परवाना नसलेली पोरे परवानेवाल्यांहून सफाईने काम करतात." हे म्हणणे काही अंशी खरे आहे. माझाच एक विद्यार्थी आहे. त्याचे नाव सांगत नाही. गणितात हुशार होता, घरच्या अडचणीमुळे शाळा सुटली. आज चौदा वर्षे तो वीजकाम करीत आहे. त्याने केलेले वायरिंग पाहिले तर रांगोळीच्या रेषेसारखे सरळ. परंतु नवीन वीजजोडणीसाठी चाचणी अहवाल द्यावा लागतो आणि त्यावर परवानाधारक कंत्राटदाराची सही लागते. ती सही या मुलाला करता येत नाही. तेव्हा भिंती फोडावयाच्या त्याने, तारा ओढावयाच्या त्याने, आणि सही करावयाची दुसऱ्याने. काम हाताचे आणि मोल सहीचे, अशी त्याची स्थिती आहे. तो रोजावर आला तसाच रोजावर राहिला. कागदाने काम येत नाही हे खरे. पण कागद नसला म्हणजे आलेल्या कामाचे मोल दुसऱ्याच्या पदरात पडते, हेही तितकेच खरे.

धंद्यात असलेल्या माणसाने पुन्हा शिकावे, यात कमीपणा कसला? विजेच्या शास्त्राचा एक आद्य आचार्य मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा होता, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? १७९१ साली तो इंग्लंडात जन्मला. घरी दारिद्र्य, शाळेत जुजबी लिहिणे-वाचणे तेवढे झाले. एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे तो सात वर्षे उमेदवार होता आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचीत असे. १८१० च्या सुमारास लंडनमध्ये एक गृहस्थ संध्याकाळी विज्ञानावर व्याख्याने देत. एका व्याख्यानाची फी एक शिलिंग होती. फॅरडेजवळ शिलिंग नव्हता. तो त्याच्या थोरल्या भावाने दिला, आणि तो भाऊदेखील लोहारकामच करीत होता. पुढे १८१३ साली फॅरडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगशाळेचा साहाय्यक झाला आणि १८३१ साली चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करण्याचे तत्त्व त्याने सिद्ध केले. पारस येथील वीजकेंद्रात आज जी जनित्रे फिरतात ती त्याच तत्त्वावर. आपली सर्व मुले फॅरडे होतील असे मी म्हणत नाही. मला महत्त्व वाटते ते त्या भावाने दिलेल्या शिलिंगाचे. आपले मंडळ तो शिलिंग देणारा भाऊ होईल काय, हा माझा प्रश्न आहे.

परवाना मिळाला म्हणजे शिक्षण संपले असेही कोणी समजू नये. आम्ही शिक्षक मंडळी नोकरीस लागल्यावरही, अभ्यासक्रम बदलला की उद्बोधन वर्गास जात होतो. तीस वर्षे शिकविलेल्या माणसालाही बाकावर बसावे लागे. वीजकामाचा अभ्यासक्रम तर आमच्याहून वेगाने बदलतो. चिनी मातीच्या फ्यूजमध्ये तार भरणे एवढेच ज्याने शिकून घेतले, त्याच्यापुढे आपोआप तुटणारे खटके आले, गळतीरोधक यंत्रे आली, इन्व्हर्टर आले. घरातील इन्व्हर्टर किंवा जनित्र चुकीचे जोडले तर वीज उलट वाहून खांबावरच्या तारेत जाते, आणि पुरवठा बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जातो.

आता सौरऊर्जा आली आहे. २०२४ साली घरांच्या छपरांसाठी केंद्राची आणि शेतीपंपांसाठी राज्याची योजना सुरू झाली. आपल्या मेळघाटातील दूरच्या पाड्यांना तर सूर्याचा आधार फार मोठा. परंतु सौरपत्र्यातून येणारी वीज एकदिश असते. तिची ठिणगी आपल्या नेहमीच्या विजेच्या ठिणगीपेक्षा विझावयास कठीण. आणि ऊन असेपर्यंत तो पत्रा बंद करता येत नाही. मुख्य खटका पाडला तरी पत्र्यापासून खटक्यापर्यंतच्या तारा भारितच राहतात. वीस वर्षांच्या अनुभवी माणसालाही हे नव्याने शिकावे लागते. इकडील मुरमाड, खडकाळ जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली म्हणजे अर्थिंग निकामी होऊ लागते, ते मोजून पाहावे लागते. हे मोजणेही शिकण्याचीच गोष्ट आहे.

शिक्षणाच्या वाटा नाहीत असे नाही. देशातील कारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालची, उमेदवारीचा कायदा १९६१ चा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यास दहावी उत्तीर्ण व्हावे लागते; तारतंत्रीचाही दोन वर्षांचा, पण त्यास आठवी पुरते. आपल्या धारणीस शासनाची अशी संस्था आहे. येथे जो अभ्यासक्रम मिळत नसेल त्याची अमरावतीस चौकशी करावी. तेथून उत्तीर्ण झालेल्यास तंत्रनिकेतनात पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मागता येतो, आणि अमरावतीचे शासकीय तंत्रनिकेतन तर १९५५ पासून चालू आहे. सौरकामासाठी २०१५ साली केंद्राने 'सूर्यमित्र' नावाचे तीन महिन्यांचे शिक्षण सुरू केले. त्याच वर्षी निघालेल्या कौशल्य विकास योजनेत, अनुभवाने शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याच्या ज्ञानास मान्यता देण्याची सोय करण्यात आली. मात्र एक गोष्ट सांगून ठेवतो. असले प्रमाणपत्र आणि वीजकामाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी होत. कोणी दलाल 'आठ दिवसांत सर्टिफिकेट' म्हणून पैसे मागेल, तर आधी विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात चौकशी करावी.

मग अडते कोठे? फीपेक्षा बुडणाऱ्या रोजाने अडते. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर. हरिसाल, सेमाडोह करीत घाट उतरून परतवाड्यास जावयाचे आणि मग पुढे. एका अर्जासाठी दोन दिवस मोडतात, परीक्षेसाठी आणखी मोडतात. ज्याच्या रोजावर चूल पेटते तो हे कसे करणार? दुसरी अडचण संकोचाची. तिशी उलटलेला, दोन लेकरांचा बाप पुस्तक हाती धरावयास लाजतो.

म्हणून मंडळापुढे मी चार सूचना ठेवतो. पहिली, घरोघर फिरून वीजकाम करणाऱ्या प्रत्येकाची यादी करावी आणि परवाना कोणाजवळ आहे व कोणाचा नूतनीकरणावाचून पडला आहे, हे त्यात लिहावे. दुसरी, शिक्षणनिधीचा एक भाग अशा होतकरूंच्या फीसाठी, प्रवासासाठी आणि बुडालेल्या रोजासाठी बिनव्याजी द्यावा. कमावू लागल्यावर त्याने तो हप्त्याने परत करावा, म्हणजे तोच पैसा पुढच्याच्या उपयोगी पडेल. तिसरी, परीक्षेच्या आधी तीन महिने दर रविवारी धारणीस अभ्यासवर्ग भरवावा. आपल्यातील निवृत्त वीज कर्मचाऱ्यांनी विषय शिकवावा. गणित आणि अर्ज लिहिणे मी शिकवीन, त्याचे मानधन मला नको. चौथी, दहावी-बारावीच्या गुणवंतांबरोबर परवाना मिळविणाऱ्यालाही याच व्यासपीठावर नारळ आणि शाल द्यावी. मुलींनाही यातून वगळू नये. मोजमापाच्या आणि जोडणीच्या कामात नेटकेपणा लागतो, तो त्यांच्याजवळ भरपूर आहे.

शेवटी त्या मुलांनाच एक शब्द सांगतो. रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात वीज सोडून द्या, असे सांगणारे तुम्हांस भेटतील आणि दोन पैसे अधिक देऊ करतील. त्या तारेवर माणसे मेली आहेत, वाघही मेले आहेत. ते काम करू नका. असे काम नाकारता येणे हाही तुमच्या शिक्षणाचा भाग आहे, आणि जवळ परवाना असला म्हणजे नाकारण्याचे बळ वाढते.

आपल्या वाडवडिलांनी केलेले गाडीचे चाक रस्त्यात मोडले नाही, ही त्यांची अब्रू होती. तुम्ही केलेल्या वायरिंगखाली घरातील लेकरे निर्धास्त झोपावी, ही तुमची अब्रू होवो. मंडळाने माझ्या सूचनांचा विचार याच बैठकीत करावा अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.