मुलांना सांगू नका

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीत आम्ही उभयतांनी केलेलं भाषण)



सचिवांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "डिसेंबरात मुलांबरोबर ऑस्ट्रियाला जाऊन आलात ना, मग वीस मिनिटं बोला. फोटोही दाखवा." फोटो आणले आहेत, शेवटी दाखवू. भाषण दोघांनी बसून लिहिलं आहे, म्हणून 'हे म्हणाले', 'ही म्हणाली' असं न करता सगळीकडे 'आम्ही' म्हणणार आहोत. एका ठिकाणी तर ते मुद्दामच केलं आहे.

आमचा मुलगा म्युनिकला असतो, मुलगी बंगळुरूला. दिवाळीला एक आला तर दुसरीला रजा नसते. चौघं सलग आठ दिवस एका छपराखाली राहून सहा वर्षं झाली होती. नाताळात दोघांनाही सुट्टी होती. म्युनिकहून व्हिएन्ना रेल्वेनं चार तासांवर, म्हणून व्हिएन्ना ठरलं. तिकिटं मुलानं काढली, राहायचं घर मुलीनं शोधलं. आमच्याकडं काम उरलं ते फक्त मेथकूट, लसणाची चटणी आणि लोकरी कपडे भरण्याचं. ते आम्ही मंडळात महिनाभर सांगत फिरलो, हे तुम्हाला आठवत असेल.

व्हिसाचं थोडं सांगतो, कारण तुमच्यापैकी तिघाचौघांनी विचारलं आहे. शेंगेन व्हिसा एकच, पण २९ देशांत चालतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. आपल्याला बोटांचे ठसे द्यायला अहमदाबादला जावं लागतं. आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. हा विमा लक्षात ठेवा, त्याच्याकडं परत यायचं आहे.

व्हिएन्ना पाहून पहिल्याच दिवशी आपल्या बडोद्याची आठवण आली. नगररचना, बाग, संग्रहालय, सगळं कुणीतरी बसून विचार करून केलेलं. जुना तट पाडून तिथं रुंद गोल रस्ता करायचा हुकूम सम्राट फ्रान्झ जोसेफनं १८५७ मध्ये दिला. आज त्या रिंगवर ट्राम धावते आणि दोन्ही बाजूंना ऑपेरा, संसद, नगरभवन, विद्यापीठ अशा इमारती ओळीनं उभ्या आहेत. घरातला नळ सोडला की थेट आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली जलवाहिनी १८७३ मध्ये सुरू झाली. आपल्या आजव्याचं पाणी पिऊन वाढलेल्या माणसाला याचं कौतुक वाटणारच. कलासंग्रहालयात इजिप्तच्या दालनात ममी दिसली, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, कमाटी बागेतल्या ममीला मी किती घाबरायचे!" सयाजीराव महाराजांनी आपलं संग्रहालय १८९४ मध्ये उभं केलं, त्यामुळं आमच्या मुलांनी पहिली ममी कैरोत नाही, व्हिएन्नात नाही, बडोद्यात पाहिली. महाराज स्वतः प्रकृतीसाठी, हवापालटासाठी कितीतरी वेळा युरोपात गेले होते. आमचा हवापालट मात्र वेगळ्याच वळणावर गेला.

गंमत अशी की पूर्वी पावागडला जाताना आम्ही बसमध्ये मुलं मोजायचो, 'एक, दोन'. आता स्टेशनवर मुलगी आम्हाला मोजत होती. फलाट कोणता, लिफ्ट कुठं, तिकीट कोणाच्या फोनमध्ये, आम्हाला काही ठाऊक नसायचं. 'चला' म्हटलं की चालायचं, 'थांबा' म्हटलं की थांबायचं. दोन दिवस हे सुखाचं वाटलं. तिसऱ्या दिवशी थोडं टोचलं. कॉफीचे पैसे आम्ही द्यायला गेलो तर मुलगा म्हणाला, "राहू द्या हो बाबा." आवाज नेहमीपेक्षा जरा चढा होता. थकला असेल, असं आम्ही धरलं.

चोवीस डिसेंबर. त्या दिवशी तिथं दुकानं दुपारी दोनच्या सुमारास बंद होतात. पंचवीस आणि सव्वीस सुट्टी, म्हणजे तीन दिवसांचं दूध-भाजी आधीच भरून ठेवावी लागते. चार वाजता सूर्य मावळतो. आम्ही नगरभवनापुढचा नाताळचा बाजार पाहायला गेलो. दिवे, लाकडी टपऱ्या, भाजलेल्या चेस्टनटचा खमंग वास. हात शेकायला गरम फळांचा रस घेतला. पोट भरलेलं होतं, वारा समोरून येत होता, उणे चार होतं. ट्राम कमी झाल्या होत्या म्हणून मुलं म्हणाली, चालतच जाऊ या, भरभर चाललं की थंडी वाजत नाही.

पंधरा मिनिटांनी आमच्यापैकी एकाच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं.

कोणाच्या, ते सांगायची गरज नाही. या सभागृहातल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. गेल्याच्या गेल्या गणपतीत आम्ही आरतीला दिसलो नव्हतो, तेव्हा दोन स्टेंट घातले होते. तुमच्यापैकी काहींनी दवाखान्यात डबे आणले. कुणी रात्री सोबत बसलं. आणि त्या प्रत्येकाला आम्ही हात जोडून एकच सांगितलं होतं, "मुलांना सांगू नका. उगाच काळजी करतील, तिकीट काढून धावत येतील." तुम्ही शब्द पाळलात. दीड वर्ष पाळलात.

आता त्या रस्त्यावर, दिव्याच्या खांबाला टेकून, आम्ही पर्समधून सॉर्बिट्रेट काढून जिभेखाली ठेवली. मुलीनं पाहिलं. "ही गोळी कशाची?" आम्ही म्हणालो, "गॅसची." ती आमच्याकडं नुसती बघत राहिली. मग मुलाला म्हणाली, "फोन लाव."

ऑस्ट्रियात रुग्णवाहिकेचा क्रमांक १४४, आणि सगळ्या युरोपात ११२. हे दोन्ही लिहून ठेवा. माणसं आली, जागेवरच ईसीजी काढला आणि घेऊन गेली. आत डॉक्टरांनी विचारलं, आधी हृदयाचा काही त्रास? मुलगा जर्मनमध्ये 'नाही' म्हणत होता आणि आम्ही त्याच वेळी इंग्रजीत 'हो, दोन स्टेंट' म्हणत होतो. मुलाचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. त्या क्षणाची लाज आम्हाला छातीच्या कळेपेक्षा जड गेली.

झटका नव्हता. काही तासांच्या अंतरानं रक्त दोनदा तपासलं, दोन्ही वेळा ठीक निघालं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं की थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, दाब वाढतो, हृदयाला जास्त काम पडतं. त्यात जेवणानंतर भरभर चाललं की असं होऊ शकतं. एवढंच आधी मुलांना माहीत असतं तर त्यांनी आम्हाला चालवलंच नसतं. टॅक्सी केली असती. आणि विमा? फॉर्म भरताना मुलीनं विचारलं होतं, "आधीचा काही आजार लिहायचा का?" आम्ही म्हणालो होतो, "काही नाही, लिही 'नाही'." त्यामुळं ते बिल आमच्याच खिशातून गेलं. चूक आमची होती, दुसऱ्या कुणाची नव्हती.

रात्री एक खाटेवर आणि बाकी तिघं कॉरिडॉरमधल्या खुर्च्यांवर. मुलगी रडली, मग चिडली. "दोघांनी मिळून लपवलंत? उद्या काही झालं असतं तर आम्हाला मंडळातल्या काकांकडून कळलं असतं?" याला आमच्याकडं उत्तर नव्हतं.

मुलगा बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "मला बोलायचा अधिकार नाही. माझी नोकरी सप्टेंबरात गेली."

चार महिने. त्या चार महिन्यांत दर रविवारी व्हिडिओवर तो शर्ट घालून बसायचा आणि 'ऑफिस मस्त चाललंय' म्हणायचा. त्यातच त्यानं आमची तिकिटं काढली होती. आम्ही विचारलं, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "तुम्हाला काळजी नको म्हणून."

अक्षरशः आमचंच वाक्य. शिकवलं कुणी? आम्हीच.

पंचवीस तारखेला दुपारी घरी सोडलं. सगळं शहर बंद. बडोद्याहून नेलेले तांदूळ आणि मूगडाळ होती, खिचडी टाकली. वर मेथकूट. चौघं टेबलाशी बसलो आणि संध्याकाळपर्यंत उठलो नाही. पैसे किती आहेत, कर्ज किती, औषधं कोणती, घराची कागदपत्रं कुठल्या कपाटात, मुलाला काम मिळालं नाही तर काय, मुलीला लग्नाबद्दल खरोखर काय वाटतं, सगळं निघालं. दोनदा आवाज चढले. ऑस्ट्रिया पाहायला गेलेल्या माणसांनी एक अख्खा दिवस काहीच पाहिलं नाही, आणि तोच दिवस आमच्या सहलीचा सगळ्यात चांगला दिवस होता.

डॉक्टरांनी सावकाश फिरायला हरकत नाही म्हटलं, म्हणून सत्तावीसला रेल्वेनं साल्झबुर्गला गेलो. अडीच तास खिडकीतून बर्फ पाहिलं. जवळच ओबेर्नडोर्फ गाव आहे. २४ डिसेंबर १८१८ ला तिथल्या चर्चमध्ये 'सायलेंट नाइट' हे गाणं पहिल्यांदा म्हटलं गेलं, फक्त गिटारच्या साथीनं. पुरानं खराब झालेलं ते चर्च पुढं पाडलं. आता तिथं एक लहानसं प्रार्थनाघर आहे, आपल्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळाएवढं. मुलानं आधी विचारून घेतलं होतं की बसायला बाक आहे का. या वेळी त्याची काळजी आम्हाला टोचली नाही.

फेब्रुवारीत त्याला दुसरं काम मिळालं, पगार थोडा कमी. त्यानं आकडा आपणहून सांगितला. आम्ही आमचे रिपोर्ट दर तीन महिन्यांनी चौघांच्या ग्रुपवर टाकतो. मुलगी कधी कधी जास्तच प्रश्न विचारते, ते सोसतो.

हिवाळ्यात परदेशी जाणाऱ्यांना चार गोष्टी. औषधं हातातल्या सामानात घ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ थर घाला, नाकातोंडावरून मफलर घ्या. बर्फावर न घसरणारे बूट घ्या. आणि विम्याच्या फॉर्ममध्ये खरं लिहा.

पाचवी गोष्ट मात्र तुम्हा सगळ्यांसाठी आहे, प्रवासाला जा किंवा जाऊ नका. दीड वर्ष तुम्ही आमचं गुपित पाळलंत, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण आता आमचं ऐका. यापुढं आमच्यापैकी कुणी दवाखान्यात दिसलं आणि म्हणालं, 'मुलांना सांगू नका', तर डबा जरूर आणा, सोबत जरूर बसा, आणि मुलांना फोन करा. नंबर आम्ही कार्यालयात देऊन ठेवले आहेत. तुम्हीही तुमचे द्या.

आता दिवे मालवा, फोटो दाखवतो. गणपती बाप्पा मोरया.