दारापर्यंत नव्हे, सफपर्यंत



हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) दृष्टिहीन होते. त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, तेव्हा कुरआनची ८० वी सूरह ‘अबस’ अवतरली. प्रेषितांनी (स.) त्यांना अजानची जबाबदारी दिली, स्वतः मदिनेबाहेर जाताना मागे नायब म्हणूनही नेमले.

आणि आपण? रमजानमध्ये मशिदीच्या दाराशी बसलेल्या दिव्यांग भावाच्या हातावर नोट ठेवतो आणि पायऱ्या चढून आत जातो. तो बाहेरच राहतो.

आपली अडीच टक्के जकात गरजूच्या मालकीची व्हावी लागते. म्हणून पात्र दिव्यांगाला तिच्यातून व्हीलचेअर, श्रवणयंत्र किंवा शिलाई मशीन देता येते. पण काय हवे, ते आधी त्यालाच विचारा. रॅम्प, वुजूखान्यातला कठडा, खुतब्यासाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी यांवर जकात खर्च करणे हनफी उलेमा मान्य करत नाहीत. तिथे सदका द्या, वर्गणी काढा.

येत्या जुम्याला ट्रस्टींना एवढेच विचारा: व्हीलचेअरवरचा नमाजी आपल्या पहिल्या सफपर्यंत कसा पोहोचेल? उत्तर नसेल, तर कामाची सुरुवात तिथूनच करू या.