शेवटच्या नळाचं गणित
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



बाहेरगावी ‘मी असोद्याचा’ म्हटलं की लोक दोनच विषय काढतात, बहिणाबाई आणि भरीत. माझी मात्र उभी नोकरी पाण्याच्या पाइपांत गेली, त्यामुळे आज तुम्हाला तेच ऐकावं लागणार.

सरांनी पत्र्याच्या डब्याला खाली-वर तीन भोकं पाडून दाखवली होती, आठवतं? सगळ्यात खालच्या भोकाची धार सगळ्यात जोरात. नोकरीतलं पहिलं सूत्र मी तिथेच शिकलो. टाकीतलं पाणी जमिनीपासून 18 मीटर उंच असेल, तर सपाट गावात प्रत्येक बंद नळाशी 18 मीटरचाच दाब. मग नळ टाकीखाली असो की गावाच्या टोकाला.

भानगड नळ उघडल्यावर सुरू होते. वाहतं पाणी पाइपाला घासतं आणि वाटेत दाब खर्च होतो. प्रवाह दुप्पट झाला की हा खर्च साडेतीन पटींच्या वर जातो. त्याच प्रवाहाला पाइप निम्म्या व्यासाचा टाकला, तर जवळजवळ 29 पट! आता आपल्याकडची रीत बघा. दिवसभराचं पाणी दोन तासांत सोडायचं. म्हणजे 24 तास सारखं वाहिलं असतं त्याच्या 12 पट प्रवाह, आणि दाबाचा खर्च सुमारे 100 पट. एवढा दाब आणायचा कुठून? म्हणून टाकीजवळचे लोक अंगण धुतात आणि टोकाला हंड्यांची रांग लागते. कऱ्हाडजवळच्या मलकापूरनं घरोघर मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं, त्यामागे हाच हिशेब आहे. तेच पाणी दिवसभरात पसरलं की दाब टिकतो.

गावभर पाइपांचं जाळं असलं की हे गणित किचकट होतं. प्रत्येक चौकात आलं तेवढं पाणी बाहेर गेलं पाहिजे, आणि दोन चौकांमधला दाबाचा फरक कुठल्याही वाटेनं मोजा, एकच आला पाहिजे. हार्डी क्रॉस या अमेरिकन प्राध्यापकांनी 1936 मध्ये यावर रीत दिली: आधी अंदाज धरा, मग चूक दुरुस्त करत जा. (परीक्षेत आम्ही तेच करायचो, पण मार्क मिळायचे नाहीत.) सुरुवातीला मी हे कागदावर, खोडरबर झिजवत केलंय. आता एपानेट नावाची फुकट मिळणारी संगणक प्रणाली ते क्षणात करते.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. खानदेशातल्याच एका शहरात टोकाच्या वस्तीला पाणी पोचत नव्हतं. बायका पहाटे तीनला उठून बारीक धारेखाली घागर लावायच्या. माझं मॉडेल म्हणत होतं, इथे 9 मीटर दाब आहे. गेज लावलं तर काटा शून्यावर. मी मॉडेलवर विश्वास ठेवला आणि भर बैठकीत म्हणालो, ‘तुमच्यातलेच लोक मोटारी लावून पाणी ओढतात.’ दोन शेजारणींची त्यावरून भांडणं झाली. मोटारी तपासल्या, तर अख्ख्या गल्लीत एक निघाली, तीही जळालेली.

मग चौकाचौकांत गेज लावत मागे आलो. एका चौकात 14 मीटर आणि पुढच्याच चौकात 2! मधे व्हॉल्व्ह असल्याचं नकाशात कुठेच नव्हतं. एका निवृत्त व्हॉल्व्हमनला आणलं. त्यानं दोन झाडं आणि एक ओटा यांच्यावरून जागा दाखवली. डांबर फोडलं, तर खाली चेंबर, आणि व्हॉल्व्ह जेमतेम दोन आटे उघडा. कधीकाळी दुरुस्तीसाठी बंद केलेला, वरून रस्ता झालेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वस्तीत गेलो आणि आधी माफी मागितली. एक म्हातारी म्हणाली, ‘ते जाऊ दे भाऊ. पन आता मले तीन वाजता जाग आली, तं मी काय करू?’

गेजनं 8 मीटर दाखवलं. राहिलेल्या एका मीटरचा हिशेब मला शेवटपर्यंत लागला नाही.