तहान लागण्यापूर्वीची विहीर

(वर्धापनदिनाच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



चार शब्द बोला, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हटले. मी काही वक्ता नव्हे. मुंबईत परिचारिकेचा डिप्लोमा केला, तिथेच काही वर्षे नोकरी केली आणि २००२ साली आयर्लंडला गेले. त्या वेळी तिथे परिचारिकांची फार टंचाई होती. काही आठवडे देखरेखीखाली काम केल्यावर तिथल्या परिचर्या मंडळाने माझे नाव नोंदवून घेतले, आणि निवृत्तीपर्यंत मी गॉलवे परगण्यातल्या एका रुग्णालयात काम केले. पण आज रुग्णालयाबद्दल नव्हे, तर रुग्णालयाबाहेर, सामान्य माणसांमध्ये बसून जे शिकले त्याबद्दल बोलायचे आहे. संकट येण्याआधी गावाने काय करावे, हा माझा विषय.

इस्रायलमधून आलेल्या मंडळींना सायरन, सुरक्षित खोली आणि तयार भरून ठेवलेली पिशवी या गोष्टी मी सांगायला नकोत. आयर्लंड मात्र शांत, हिरवा, पावसाळी देश. तिथे कसले आले संकट, असे मलाही वाटत असे. पण त्या देशालाही धडा मिळालेला आहे. दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड तटस्थ होता, तरी ३ जानेवारी १९४१ रोजी डब्लिनच्या डोनोर भागात जर्मन विमानातून बॉम्ब पडले. घरे मोडली, एका चर्चचे नुकसान झाले आणि जवळच्या ज्यू सिनेगॉगलाही इजा पोहोचली. त्याच वर्षी ३१ मे रोजी नॉर्थ स्ट्रँड या वस्तीवर बॉम्ब पडून २८ माणसे गेली. ढिगाऱ्यातून माणसे काढण्याच्या कामात हवाई हल्ल्यापासून बचावाचे शिक्षण घेतलेले साधे नागरिकही होते. पुढे १९५० साली तिथे सिव्हिल डिफेन्स, म्हणजे नागरी संरक्षण दल, उभे राहिले. युद्ध मागे पडले. आता हे दल पूर, वादळ, हरवलेल्या माणसांचा शोध आणि रुग्णांची ने-आण ही कामे करते. प्रत्येक परगण्याच्या स्थानिक प्रशासनात त्याचा एक अधिकारी असतो. बाकी सारे स्वयंसेवक. कुणी शेतकरी, कुणी शिक्षिका, कुणी गवंडी. टिपरेरी परगण्यात रॉसक्रे या गावी त्यांचे स्वतःचे महाविद्यालयही आहे.

मी त्यात कशी शिरले ते सांगते. २००९ च्या नोव्हेंबरात शॅनन नदीच्या खोऱ्यात मोठा पूर आला. बॅलिनास्लोसारख्या गावांत घराघरांत पाणी शिरले. आमच्या वॉर्डात आणलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी विचारले, "तुम्हाला बाहेर कुणी काढले?" ते म्हणाले, "आमच्या दुकानदाराने. तो सिव्हिल डिफेन्समध्ये आहे." ते माझ्या मनात राहिले. पुढच्या वर्षी मी नाव दिले.

पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी झाली आणि आठवड्यातून एक संध्याकाळ वर्ग सुरू झाला. शिकण्याचे पैसे पडत नाहीत. मनात म्हटले, मी इतक्या वर्षांची परिचारिका, मला हे काय प्रथमोपचार शिकवणार! पहिल्याच सरावात एक तरुण जमिनीवर बेशुद्ध पडल्याचे सोंग करून निजला होता. मी धावत जाऊन त्याची नाडी धरली. आमचे शिक्षक पेशाने गवंडी. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आता मेलात. वर पाहिलेत का?" वर दोरीला एक विजेची तार टांगून ठेवली होती. सगळे हसले, मीही हसले, पण घरी येऊन विचारात पडले. रुग्णालयात जागा सुरक्षित आहे की नाही हे पाहायला दुसरी माणसे असतात. रस्त्यावर ती जबाबदारी आपली. माझे ज्ञान खोटे नव्हते, पण ते चार भिंतींतले होते.

तिथे एक पद्धत मला फार आवडली. अपघाताच्या जागी करायच्या उपचारांचे दर्जे ठरवणारी एक सरकारी परिषद २००० सालापासून आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबणे आणि विजेचा झटका देणारे यंत्र वापरणे, हा तिचा सर्वांत पहिला अभ्यासक्रम. काही तासांत तो कुणालाही शिकता येतो, पण प्रमाणपत्र दोनच वर्षे चालते. पुन्हा येऊन करून दाखवावे लागते. कारण हात विसरतात. हृदय थांबल्यावर छाती दाबली गेली नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची आशा साधारण सात ते दहा टक्क्यांनी कमी होते. खेड्यात रुग्णवाहिका पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे सहज लागतात. तोवर जो जवळ असतो तोच डॉक्टर.

दुसरी गोष्ट रोजगाराची. लोकांना कामाचे शिक्षण देण्यासाठी आयर्लंडने १९८८ साली फॉस नावाची सरकारी संस्था काढली. २०१३ मध्ये तिच्या जागी सोलास आली. १९९४ पासून तिथे सामुदायिक रोजगाराची एक योजना चालते. बरेच दिवस काम न मिळालेल्या माणसाला गावातल्या एखाद्या सेवासंस्थेत आठवड्याला साडेएकोणीस तास काम, वेतन आणि शिक्षण मिळते. आमच्या भागात म्हाताऱ्यांना जेवणाचे डबे पोचवणारा गृहस्थ याच योजनेतून आलेला. कारखाना बंद पडून घरी बसलेला माणूस. त्याला कुठल्या घरात कोण एकटे, कुणाला कमी ऐकू येते, कुणाच्या दाराला कडी आतून असते, हे सारे तोंडपाठ. अशी माणसे संकटासाठी म्हणून नेमलेली नसतात, पण संकटात सर्वांत आधी त्यांचीच आठवण होते. २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे वृद्धांना घरात राहावे लागले, तेव्हा प्रत्येक परगण्यात मदतीचा एक फोन क्रमांक सुरू झाला. औषधे आणि वाणसामान पोचवायला सिव्हिल डिफेन्स, रेड क्रॉस आणि गेलिक खेळांचे क्लब पुढे आले. हे इतके लवकर जमले, कारण माणसे एकमेकांना आधीपासून ओळखत होती.

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगते. ती सांगण्यासाठीच मी उभी राहिले आहे.

माझ्या घरापासून दोन घरे पलीकडे एक आजी राहत. वय ८४. फुप्फुसे दुर्बळ झालेली, म्हणून घरी प्राणवायूचे यंत्र. ते विजेवर चालते. अशा रुग्णांचे नाव वीज कंपनीकडे अग्रक्रमाच्या यादीत नोंदवता येते. नोंद असली म्हणजे वादळात वीज जातच नाही असे नव्हे, पण हे घर कुणाचे आहे ते कळते. तो फॉर्म भरून द्यायचे मी ऑक्टोबरात कबूल केले होते. आज देऊ, उद्या देऊ करता करता तो माझ्या स्वयंपाकघरातल्या खणात पडून राहिला.

२४ जानेवारी २०२५ रोजी एओविन नावाचे वादळ आले. मेस हेड इथे वाऱ्याचा झोत ताशी १८० किलोमीटरच्या वर गेला. इतका जोर त्या देशात पूर्वी कधी मोजला गेला नव्हता. ७ लाख ६८ हजार घरांची आणि दुकानांची वीज गेली. आदल्या संध्याकाळी मी आजींकडे गेले. त्यांच्याकडे अडीअडचणीसाठी प्राणवायूची एक टाकी दिलेली होती. ती सापडली कोटांच्या कपाटात, सर्वांत मागे. तिची चावी त्यांनी कधी फिरवली नव्हती. मी ती उघडून दाखवली, त्यांच्याकडून दोनदा करून घेतली आणि हिशेब मांडला. टाकीत २००० लिटर, मिनिटाला २ लिटर लागतात, म्हणजे १००० मिनिटे, सुमारे साडेसोळा तास. मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तो भिंतीला लावला आणि शेजारी विजेरी ठेवली.

पहाटे वीज गेली. थोड्या वेळाने फोनही गेला. लाल इशारा असताना स्वयंसेवकाने बाहेर पडायचे नाही, हा आमचा नियम. वाचवायला गेलेला स्वतःच पडला तर त्यालाच उचलायला माणसे लागतात. मी खिडकीपाशी बसून त्या दोन घरांपलीकडच्या छपराकडे पाहत राहिले. नियम पाळणे इतके जड कधी झाले नव्हते. तो फॉर्म खणात होता, हे एकच डोक्यात घोळत होते.

इशारा उठताच गेले. आजी खुर्चीत शाल घेऊन बसल्या होत्या, टाकी चालू होती, काटा खाली सरकत होता. मला म्हणाल्या, "कागदावर लिहिल्याप्रमाणे सगळे केले." फोन बंद, म्हणून सिव्हिल डिफेन्सच्या वायरलेसवरून निरोप गेला. टाकी संपायच्या आत त्यांची गाडी आली आणि जनरेटर असलेल्या एका शुश्रूषागृहात आजींना नेले. आमच्या गल्लीत वीज आली ती नवव्या दिवशी. तोवर गावच्या सभागृहात जनरेटर लावून लोकांनी गरम जेवण, अंघोळीचे पाणी आणि फोन चार्ज करण्याची सोय केली. डबेवाले गृहस्थ घरोघर फिरून नावांवर खुणा करत होते. आजी पुढे घरी परतल्या. मी फॉर्म नेऊन दिला आणि त्यांना खरे सांगितले. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी मला आठवण करायला सांग, मला वेळ भरपूर असतो."

त्यांच्या या बोलण्यातच माझे सारे भाषण आले. आपण म्हातारी माणसे म्हणजे नुसती वाचवून घेणारी, असे समजू नका. धावपळ तरुणांनी करावी, आठवण आपण ठेवावी. आपल्या प्रत्येक सिनेगॉगमध्ये सभासदांची वही असते. तिच्यात वर्गणी लिहिलेली असते. तिथेच आणखी चार गोष्टी लिहा: कोण एकटे राहते, कोणाला विजेवरचे यंत्र किंवा फ्रिजमधले इन्सुलिन लागते, घराची दुसरी किल्ली कोणाकडे, आणि मुलांचा फोन कोणता. ही यादी एका जबाबदार माणसाजवळ राहू द्या आणि ज्याचे नाव त्याला विचारूनच लिहा. प्रत्येकाने दर आठवड्याला दोघांना फोन करायचा. एखादा फोन उचलला गेला नाही तर कोणाला कळवायचे, हे आधीच ठरलेले असू द्या.

आपल्या कोकणालाही हे नवे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा माझ्या माहेरी रेवदंड्याला नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. मी आयर्लंडमध्ये फोन लावत बसले होते आणि फोन लागत नव्हता. छपरावर ताडपत्री घालायला कोण आले? शेजारची कोळी मंडळी. आता आपल्या सरकारचीही 'आपदा मित्र' योजना आहे. तिच्यात गावातल्या स्वयंसेवकांना शिक्षण देतात. इथे राहिलेल्या आपल्या तरुणांनी त्याची जिल्हा कचेरीत चौकशी करावी, ही विनंती. आणि तुम्ही जिथे राहता, तिथेही असा काही वर्ग चालत असेल. एकदा जाऊन बसा. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मागा, देतात.

आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या गलबतातून आले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांना कुणीतरी पाण्यातून वर घेतले असेल, कोरडे वस्त्र दिले असेल. त्या अनोळखी हातांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. आपण मात्र एकमेकांची नावे आणि फोन लिहून ठेवू शकतो.

माझ्या खणात पडला होता तसा एखादा कागद तुमच्याही घरी असेल. घरी गेल्यावर तेवढा बाहेर काढा.