शब्द झेलणारी घोंगडी

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका नव्या कचेरीत कविता वाचायला गेलो होतो. पाडलेल्या वाड्यांचं सागवान पुन्हा वापरून बांधलेली. वाटलं, एवढ्या लाकडात आवाज गोड लागेल. अम्मीवरची कविता काढली. माझेच शब्द भिंतींवरून परतून पुढच्या ओळीवर आदळू लागले. मागच्या रांगेला काहीच कळलं नाही. तिथली एक मुलगी म्हणाली, "सर, आम्ही शेजारी बसूनही मेसेजच करतो."

रंधा मारून पॉलिश केलेलं जाड लाकूड आवाज परतवतं. शोषतात ती लोकर, काथ्या, कापूस. तंतूंमधली हवा घासली जाते आणि आवाजाची किंचित उष्णता होते. १८९५ साली हार्वर्डमध्ये असंच एक घुमणारं व्याख्यानगृह वॉलेस सॅबाइन यांच्या गळ्यात पडलं. तिथे शब्द साडेपाच सेकंद रेंगाळे! जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या गाद्या रात्री आणून ते घुमारा मोजत बसत.

मी मालकांना म्हटलं, घोंगड्या लावा. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड, गिरण्यांना नकोशी. तिला इथे काम आहे. भिंतीला चिकटवू नका, मागे चार बोटं पोकळी ठेवा, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाजही थोडा सापडतो. (कसर लागते, अधूनमधून उन्हात झटकायला हव्यात.) वास्तुविशारदांना ते रूप पटेना. अखेर एका भिंतीवर आठ लागल्या.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. छत उघडंच असल्यानं घुमारा पुरता गेलेला नाही. पण ती मुलगी शेजारणीशी हळू आवाजात भांडत होती.